हातभर चौकोन

भिशीत माझा नंबर तिसऱ्या महिन्याला लागला.
साडेबारा हजार.
शालन म्हणाली, जाऊबाई, आधी मंगळसूत्र सोडवा.
मी म्हटलं, राहू दे,
बँकेत सुखात आहे ते,
तिथं त्याला खरकटं लागत नाही.

बुधवारी जुन्या बाजारात
ताडपत्रीवर पालथं पडलं होतं मशीन,
एक चाक, आणि दुसऱ्याची नुसती जागा.
चालू आहे, म्हणाला, पण दाखवायला लाईट नाही.
मी ते कडेवर घेऊन
चहावाल्याच्या बोर्डापर्यंत नेलं.
मोटर आधी खोकली. मग घुमली.
आठवरून सहा हजार दोनशेवर आला.
त्याला चहा मी पाजला,
तो हिशेबात धरायचा राहिला.

बोहरी आळीत ताहेरशेठनं
पितळी नोझल कागदात गुंडाळून दिलं
जसं कानातलं द्यावं.
"चालवणार कोण?"
मी हात पुढे केला.
त्यानं हाताकडं बघितलं
आणि दोन क्लॅम्प जास्तीचे टाकले,
बिलात लिहिले नाहीत.

पाईप, गमबूट, लांब वायर.
उरले अकराशे चाळीस
आणि ज्याला पोरं बंब म्हणतात
असं एक लंगडं जनावर.

जनता वसाहतीत पाणी येतं तासभर.
दोन पिंपं भरून ठेवली,
रात्री उंबऱ्यासमोरच्या फरशीवर
पहिल्यांदा बंदूक दाबली.
मागं सरकले. शालनवर आदळले.
हातभर जागा धुऊन होते न होते
तोच पिंपं संपली.
खाली फरशी पिवळी होती.
इतकी वर्षं आम्ही तिला काळी म्हणत होतो.

अकरा वर्षं मी सहकारनगरात जिने पुसले,
उकिडवं बसून.
पायऱ्या मला तोंडानं ओळखतात,
माणसं पाठीनं.
निमकर काकांना सांगितलं,
कंपाउंडची भिंत धुते,
आधी हातभर दाखवते, पैसे मागाहून.
शेवाळ उडालं, पावसाळ्यांचे ओघळ उडाले,
कोणाच्या तरी पानाची पिचकारी उडाली.
काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"आता बाकीची भिंत घाण दिसायला लागली की हो!"
मी गप्प राहिले.
हाच तर धंदा आहे.

मग सुरू झालं त्यांचं.
लाईट सोसायटीची, म्हणून शंभर कमी.
पाणी बोअरचं, म्हणून जपून.
बोअरला गाळ फार.
शालनच्या जुन्या वायलचा पदर
तोटीला बांधला, तेव्हा कुठं बंब श्वास घेऊ लागला.

दुपारी हात भरून आला, नोझल फार जवळ गेलं
आणि गेटजवळचा पिवळा रंग पापुद्र्यासारखा सुटला,
आत हिरवा, त्याच्याही आत निळा.
सातशे कापले.
वहीत काय लिहू, शालननं विचारलं.
लिही: फी.
कसली?
शाळेची.

पण एक सांगते, वहीत न मावणारं.
त्या दिवशी पहिल्यांदा
मी उभी राहून घाण काढली.
समोरच्या मजल्यावरची बाई
गॅलरीतून माझ्याकडं बघत होती,
आणि तिला नीट दिसावं म्हणून
मी मान वर केली.

रात्री भाकरी थापताना हात थरथरत होता,
बंदुकीचा थरकाप अजून बोटांत.
भाकरी नकाशासारखी झाली.
पोरांनी खाल्ली.

उंबऱ्यासमोरचा तो चौकोन तसाच आहे.
बाकीचं कधी, असं शेजारीण रोज विचारते.
पाणी आलं की, मी म्हणते.
तोवर गल्लीतली सगळी
त्याला वळसा घालून जातात,
शेळीसुद्धा,
जणू तिथं कोणीतरी
आत्ताच बसून उठलंय.